फडकी किती? उपयोजित संख्याशास्त्र, दुसरा पेपर: प्रकल्प नोंदी

9 डिसेंबर 2024

आजपासून दुसरा पेपर. अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प आहे आणि आकडे स्वतः गोळा करायचे आहेत. इंटरनेटवरून उतरवलेले चालणार नाहीत, मामाच्या दुकानाची विक्री चालणार नाही. (मॅडम हे माझ्याकडे न बघता बोलल्या, पण गेल्या वर्षी मी तेच दिलं होतं.) शिवाय तारखेनुसार वही ठेवायची. चूक झाली तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं. तीच ही वही.

पहिला पेपर मला आवडला होता. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत), द्विपद वितरण, शेवटी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग ते तपासणारी). गणितात आकडे आयते असायचे. "दहा रुग्णांना औषध दिले" म्हटलं की दिलं. ते दहा कोण, कुणी निवडले, अकरावा होता का, याच्याशी आपलं देणंघेणं नसायचं. सूत्रात घाला, तक्ता बघा, "गृहीतक नाकारले" लिहा, मोकळे व्हा.

आज मॅडमनी सूत्र एकही लिहिलं नाही. हे शास्त्र शेतातून आणि दारूच्या भट्टीतून आलंय, एवढंच तासभर सांगितलं. टी-टेस्ट 1908 ची. ती ज्याने काढली तो गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता आणि "स्टुडंट" या टोपणनावाने लिहायचा. बिअरच्या माल्टसाठी कुठला बार्ली चांगला हे थोड्या नमुन्यांवरून ठरवायचं, ही त्याची अडचण. दुसरा संख्याशास्त्रज्ञ फिशर 1919 मध्ये इंग्लंडातल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात गेला आणि अनोव्हा (दोनाहून जास्त सरासऱ्यांची एकदम तुलना) तिथल्या खतांच्या वाफ्यांत तयार झाली. आपल्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. हे ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा ताठ बसला, त्याचं आजोळ तिकडंच आहे.

13 डिसेंबर

विषय सापडत नाही. मैत्रीण "सोशल मीडियाचा अभ्यासावर परिणाम" करतेय. वर्गातले निम्मे तेच करतायत.

संध्याकाळी आजी मटकी फडक्यात बांधत होती. म्हटलं, डब्यात ठेवली तर काय बिघडतं? "नाही येत तसे मोड," म्हणाली. का? "नाही येत म्हणजे नाही येत."

विषय सापडला.

20 डिसेंबर

चाचणी म्हणून एकदा करून बघितलं. रात्री दहाला भिजवली, सकाळी सातला उपसली. अर्धी फडक्यात बांधली, अर्धी स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. चोवीस तासांनी दोन्हींतले 50-50 दाणे मोजले. मोड वाकडे असतात, पट्टी सरळ असते. म्हणून मोडावर शिवणाचा दोरा धरायचा, चिमटीत पकडायचा आणि तो पट्टीवर सरळ करायचा. 100 दाण्यांना दीड तास लागला आणि बोटांना कच्च्या मटकीचा वास दिवसभर.

फडकं: सरासरी 13 मिमी. डबा: 10 मिमी. प्रमाण विचलन दोन्हीकडे 4 च्या आसपास. टी 3.75, डिग्रीज ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे) 98, पी (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा दिसण्याची शक्यता) 0.0003. पहिल्याच फटक्यात! प्रकल्प संपला की काय असं वाटलं. आजीला सांगितलं, तिने "मग?" एवढंच म्हटलं.

23 डिसेंबर

संपला नाही.

मॅडम: एन किती? (म्हणजे नमुने किती.)
मी: शंभर.
मॅडम: फडकी किती?
मी: एक.
मॅडम: डबे?
मी: एक.
मॅडम: मग शंभर कुठून आले?

मला आधी कळलंच नाही. मोजलेत की शंभर दाणे, दीड तास लागलाय. मग त्यांनी विचारलं, "समज, फडकं शेगडीजवळ होतं आणि डबा खिडकीत. मग?" मी गप्प, कारण होतंच तसं. आजी फडकं कायम शेगडीशेजारी टांगते आणि डब्याला मला जागा मिळाली ती खिडकीत. म्हणजे मी पद्धत मोजली की ऊब मोजली हे सांगायला मार्गच नाही. आणि जागा एक असती तरी भागलं नसतं. एका फडक्यातले 50 दाणे एकाच पाण्यात भिजले, एकाच ओलीत राहिले. फडकं थोडं जास्त पिळलं गेलं तर पन्नासच्या पन्नास एकदम मागे पडतील. ते पन्नास साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराने पन्नास वेळा सांगितलेली एकच गोष्ट आहे. उपचार दाण्याला दिलेला नाही, पुरचुंडीला दिलाय. म्हणून मोजायच्या त्या पुरचुंड्या.

एन बरोबर एक. दीड तासाचे.

पहिल्या पेपरात हे कुणी शिकवलं नव्हतं असं लिहिणार होते. जुनी वही काढली तर "निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीत" हे वाक्य लाल पेनने अधोरेखित केलेलं सापडलं. मीच केलेलं.

30 डिसेंबर

नवा आराखडा, मॅडमना दाखवून:

तीन पद्धती: फडकं, झाकणाचा डबा, आणि चाळणीवर ओला रुमाल (ही आईची सूचना, तिच्या माहेरी तसं करतात). दर खेपेला मटकी एकाच भांड्यात भिजवायची, चांगली कालवायची, मग अर्ध्या-अर्ध्या वाटीचे तीन वाटे. कुठला वाटा कुठे जाणार ते चिठ्ठीने. तिन्ही एकाच फडताळात. डावीकडे, मध्ये की उजवीकडे, तेही चिठ्ठीने. अशा 6 खेपा. प्रत्येक खेप म्हणजे एक ब्लॉक. थंडी कमीजास्त होणार, पाणी बदलणार, पण एका खेपेतल्या तिघांना ते सारखंच लागणार. पुरचुंडीमागे 20 दाणे मोजायचे आणि त्यांच्या सरासरीचा एकच आकडा धरायचा. एकूण आकडे 18.

चिठ्ठ्या आजीच्या हातून काढायचं ठरलं. "मटकीला चिठ्ठ्या? लग्नाला नव्हत्या टाकल्या आमच्या," म्हणाली, पण काढल्या.

4 जानेवारी 2025

पहिली खेप. 14, 11, 11 (मिमी; फडकं, डबा, चाळणी या क्रमाने).

20 दाणे निवडायचे कसे, हा घोळ आधी लक्षात आला नव्हता. पहिल्यांदा हाताला येतील ते घेतले, तर हात आपोआप लांब मोडांकडे जातो. मग ताटात पसरून डोळे मिटून बोट ठेवायचं ठरवलं. हे फार शास्त्रीय वाटलं. दहाएक दाणे झाल्यावर शंका आली. लांब मोड ताटात जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आंधळं बोटही त्याच्यावरच जास्त वेळा पडणार.

शेवटी चमच्याने कालवून एक चमचा काढला, तो वाटीत उपडा केला आणि ओळीने येतील तसे 20 घेतले. आधीचे दहा बाद. गणंग निघाला, मोडच नाही, तर शून्य धरायचं. तोही त्याच पुरचुंडीतला आहे.

9 जानेवारी

दुसरी खेप काल सकाळी झाली: 12, 9, 12. चाळणी फडक्याच्या बरोबरीला आली. आई खूश.

आज तासानंतर मॅडमना बोटाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि पीक कापणी प्रयोगाकडे वळल्या. उत्पन्नाचा अंदाज काढायला शेतातला एक तुकडा आखून तेवढंच पीक कापतात आणि तोलतात. तुकडा किती मोठा घ्यायचा यावरून 1940 च्या दशकात सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्यात जुंपली होती. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे: काम हलकं, त्यामुळे जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त येतं. कारण रेषेवरची रोपं. कापणारा माणूस ती आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्यात रेषेवरची रोपं प्रमाणाने जास्त.

गावाकडे तलाठीभाऊसाहेब दोरी घेऊन शेतात आलेले मी लहानपणी पाहिलेत. दोरी कुठे पडते यात एवढं काही असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

11 जानेवारी

तिसरी: 10, 8, 9. थंडी. बाबा ताट बघून म्हणाले, "परत उसळ?"

15 जानेवारी

काल संक्रांत. सगळे गडबडीत होते, मटकी बांधायला सातऐवजी साडेनऊ झाले. आज डब्यातली चिकट झाली होती, आंबूस वास येत होता. मोजण्यात अर्थ नाही म्हणून तिन्ही वाटे टाकून दिले. ही खेप धरायची नाही. परत करायची.

18 जानेवारी

चौथी: 9, 7, 5. कडाक्याची थंडी पडलीय. चाळणीवरचा रुमाल सकाळी कोरडाठाक होता.

29 जानेवारी

पाचवी 25 तारखेला (13, 11, 9), सहावी आज (14, 8, 8). मोजणी संपली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता बंद का केलं, आम्हाला सवय झाली होती.

3 फेब्रुवारी

मॅडमचा आग्रह की अनोव्हा एकदा तरी हाताने करा.

फडकं: 14, 12, 10, 9, 13, 14. बेरीज 72, सरासरी 12.
डबा: 11, 9, 8, 7, 11, 8. बेरीज 54, सरासरी 9.
चाळणी: 11, 12, 9, 5, 9, 8. बेरीज 54, सरासरी 9.

एकूण 180, सरासरी 10. वर्गांची बेरीज 1902, त्यातून 1800 (180 चा वर्ग भागिले 18) वजा, राहिले 102. हा सगळा चढउतार. आता त्याची वाटणी: पद्धतीमुळे 36, खेपेमुळे 48, उरले 18. म्हणजे जवळजवळ निम्मा फरक नुसत्या दिवसाचा आहे, फडक्या-डब्याचा नाहीच!

उरलेल्या 18 ला डिग्रीज ऑफ फ्रीडम 10, म्हणजे 1.8. पद्धतीच्या 36 ला 2, म्हणजे 18. एफ (पद्धतीचा आकडा भागिले उरलेल्याचा; जितका मोठा तितका फरक ठळक) बरोबर 10. तक्त्यात 5 टक्क्यांना 4.10 आहे आणि 1 टक्क्याला 7.56. पी 0.004.

मग उगाच खाज म्हणून खेपा विसरून गणित केलं. 48 आणि 18 एकत्र, 66 भागिले 15, म्हणजे 4.4. एफ 4.09, पी 0.038. आकडे तेच, फरक तोच, पण दिवसांचा गोंगाट भाजकात जाऊन बसला की उत्तर कसंबसं दारात उभं राहतं. ब्लॉक कशासाठी हे पुस्तकात तीनदा वाचलं होतं. 10 आणि 4.09 शेजारी-शेजारी लिहिल्यावर कळलं.

7 फेब्रुवारी

आज आर या संगणकाच्या भाषेत. एका ओळीत सगळं आलं, तेच उत्तर. हाताने अडीच तास लागले होते.

टुकीची तुलना (नेमक्या कुठल्या जोडीत फरक आहे ते बघायला): 3.88 गुणिले (1.8 भागिले 6) चं वर्गमूळ, 2.12. फडकं आणि बाकीच्यांत 3 मिमीचा फरक, म्हणजे पुरेसा. डबा आणि चाळणीत शून्य. आईला सांगितलेलं नाही.

मैत्रीण म्हणाली, 360 दाणे मोजलेस तर 360 आकडे घाल ना, पी किती छान येईल. घालून बघितलं. एररच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम 357 आणि पीच्या पुढे शून्यांची माळ. संगणक एका शब्दाने बोलला नाही. त्याला पुरचुंडी म्हणजे काय हे माहीत नाही, आणि मी सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

14 फेब्रुवारी

वर्गात रिग्रेशन (बिंदूंमधून रेषा बसवणं). अँस्कोमचे 1973 चे चार संच: चारही ठिकाणी सरासऱ्या सारख्या, सहसंबंध 0.816, रेषाही एकच. आलेख काढला तर एक ठीकठाक, एक कमानीसारखा वाकलेला, एकात एकच बिंदू रेषेला ओढतोय आणि एकात सगळे बिंदू एका उभ्या ओळीत, फक्त एक लांब पळालेला. मग मल्टिपल रिग्रेशन आणि एकमेकांत गुंतलेली चलं. ते अर्धं डोक्यावरून गेलं, परीक्षेच्या आधी बघू.

आपले रेसिड्युअल (मोजलेला आकडा वजा गणिताने अपेक्षित आकडा) काढून वहीत चिकटवले.

21 फेब्रुवारी

मॅडमनी रेसिड्युअलचं पान बघितलं आणि चष्मा काढला. पहिल्या खेपेचे तिन्ही शून्य. नेमके शून्य. एकूण बेरीज नेमकी 180. एफ नेमका 10.

"बनवलेत का?"

इतक्या शांतपणे विचारलं की मला घामच फुटला. मग म्हणाल्या, फिशरने 1936 मध्ये मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे तपासले होते आणि ते अपेक्षित प्रमाणाच्या फारच जवळ आहेत, इतके नशीब कुणाचं नसतं, असं दाखवलं होतं. "त्यावर अजून वाद चालतात. तुझी कच्ची वही आण."

आणली. पानांवर पाण्याचे डाग, मटकीचं एक साल चिकटलेलं, 360 आकडे. त्यांनी दोन पुरचुंड्यांच्या सरासऱ्या स्वतः काढल्या. एक 13.65 आली, मी 14 लिहिली होती. "दशांश कुठे गेले?" हाताने करायला सोपं जावं म्हणून पूर्णांक केले होते. "मग तसं लिहायचं. आणि आरला कसले सोपे आकडे लागतात?"

रात्री दशांशांसकट पुन्हा चालवलं. एफ 9.6, पी 0.005. शून्यं गेली, निष्कर्ष राहिला. आधीचा एफ रेघ मारून ठेवलाय.

वही परत देताना त्यांनी 15 जानेवारीच्या पानात पेन्सिल ठेवली होती. काही बोलल्या नाहीत.

27 फेब्रुवारी

लॉजिस्टिक रिग्रेशन (उत्तर हो किंवा नाही असतं तेव्हाचं). उदाहरण चॅलेंजर यानाचं, उडाल्यावर लगेच फुटलेल्या. 28 जानेवारी 1986, सकाळची कडक थंडी. रॉकेटचे सांधे बंद करणाऱ्या रबरी ओ-रिंग थंडीत नीट बसतील का यावर आदल्या रात्री चर्चा झाली. आधीच्या 23 उड्डाणांचे आकडे हाताशी होते, त्यांतल्या 7 मध्ये ओ-रिंगला इजा झालेली. चर्चेत बघितली ती फक्त ती सात. त्या सातांत तापमानाचा काही कल दिसत नाही. इजा न झालेली सोळा शेजारी मांडली की चित्र उघड होतं: ती सगळी उबदार दिवसांतली.

मॅडमनी दोन्ही आलेख एकापुढे एक दाखवले आणि वर्गभर नजर फिरवली. मला माझ्यावरच थांबल्यासारखी वाटली.

15 जानेवारी. "मोजण्यात अर्थ नाही म्हणून टाकून दिले." माझं टाकणं उलट दिशेचं, मी बिघडलेलीच टाकली. पण काय ठेवायचं ते निकाल बघून ठरवलं, हे सारखंच. उशीर तिन्ही वाट्यांना झाला होता, आंबला फक्त डबा.

28 फेब्रुवारी

काल शिवरात्रीचं पारणं म्हणून आजीने स्वतः मटकी बांधली होती. आज तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, डब्यात मोड येत नाहीत म्हणालीस, पण 9 मिमी येतात की. उसळीला तेवढे पुरतात.

"येतात गं. कोण नाही म्हणतंय? पण कधीतरी आंबते. पाहुणे यायचे असले की हमखास. फडक्यातनं पाणी निथळतं, वारा लागतो. डब्यात ते तळाला साचतं."

डिसेंबरात का नाही सांगितलंस? "तू मोड विचारलेस."

दोन महिने मी लांबी मोजली. आजीचा फडक्याचा नियम लांबीसाठी नव्हताच, सहा वेळा साधलेल्या गोष्टीसाठीही नव्हता, सातव्यासाठी होता. आणि सातवी खेप मी कचऱ्यात टाकली.

6 मार्च

अहवाल पुन्हा लिहिला. पहिल्या पानावर: खेपा 7, मोजलेल्या 6, एक टाकली, कारण आणि तारीख. मला वाटलं होतं आता "डब्यात आंबण्याचं प्रमाण 7 पैकी 1" असंही लिहावं. मॅडमनी त्यावर काट मारली. एका घटनेवरून दर काढायचा नाही, आणि त्या दिवशी अडीच तास उशीरही झाला होता. घडलं ते सांग, टक्केवारी लावू नकोस.

शीर्षकातला "सर्वोत्तम पद्धत" हा शब्दही काढायला लावला. "मोडांच्या लांबीची तुलना" एवढंच ठेवलं.

20 मार्च

तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक वयस्कर होते, अहवाल उलटसुलट चाळत होते. पहिलाच प्रश्न: "एन किती?"

"अठरा पुरचुंड्या, सहा खेपांत. दाणे 360 मोजले, पण ते पुरचुंडीच्या आतले."

"आणि ही टाकलेली खेप टाकली नसतीत तर काय केलं असतंत?"

हे मी घोकलेलं नव्हतं. म्हटलं, फडकं आणि चाळणी मोजून लिहिली असती. डब्याच्या रकान्यात "आंबली" लिहिलं असतं आणि त्या शब्दाचं गणितात काय करायचं ते मॅडमना विचारलं असतं. ते मॅडमकडे बघून हसले. मार्क अजून कळलेले नाहीत.

घरी येऊन फ्रिजवर कागद लावला. एप्रिल-मे, 20 खेपा, फक्त फडकं आणि डबा. लांबी मोजायची नाही. रकाना एकच: आंबली की नाही. चिठ्ठ्या आजी काढणार.

बाबांनी कागद शेवटपर्यंत वाचला, खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं: "मूग चालतील का?"